नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर आणि बंद झालेलं धावणं: दम कसा टिकवायचा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेली बारीक भेग) निघालंय, डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे धावणं बंद सांगितलंय, हाफ मॅरेथॉन पाच महिन्यांवर आली आहे आणि आजवर कमावलेला सगळा दम या काळात निघून जाईल अशी धास्ती वाटतेय. पोहण्याचा तलाव जवळ आहे, जिममध्ये सायकल आणि एलिप्टिकल (पाऊल न उचलता उभ्याने पाय फिरवायचं यंत्र) आहे. यातलं काय करावं आणि किती?

आधी धास्तीचं बघू. दम वाटतो तितक्या लवकर जात नाही. नुसतं बसून राहिलं तरी पहिले दहा-बारा दिवस फारसं काही हातचं जात नाही. सगळ्यात आधी कमी होतो तो रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग. त्यामुळे त्याच श्रमाला नाडी जास्त पडते आणि आपण ढेपाळलो असं वाटायला लागतं. पण व्यायाम सुरू झाला की हा प्लाझ्मा काही दिवसांत भरून निघतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंना सराव पूर्ण बंद करायला लावला होता. त्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी उतरला आणि ५६ दिवसांनी १६ टक्के खाली येऊन तिथेच थांबला. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं तर जवळपास होतं तसंच राहिलं. हे काहीच न करणाऱ्यांचे आकडे आहेत. तुम्ही आठवड्याचे पाच दिवस घाम गाळणार असाल तर तुमची घसरण याहून खूपच कमी असेल.

त्याच वर्षीचं एक उदाहरण. अमेरिकेची धावपटू जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर ऑलिंपिक निवडीच्या मॅरेथॉनच्या फक्त १७ दिवस आधी आर्थ्रोस्कोपी, म्हणजे छोट्या छेदातून दुर्बिणीने करतात ती शस्त्रक्रिया, झाली. पाय वापरता येत नव्हते तेव्हा ती हातांनी पेडल फिरवून दम टिकवत होती. ती निवडीची शर्यत तिने जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. तिचं दुखणं वेगळं होतं, तिची घाई तुम्ही अजिबात करू नका. पण हृदयाला काम पाय देताहेत की हात, याने त्याला फरक पडत नाही, हे यातून नक्की घ्या.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. क्रॉस ट्रेनिंगने, म्हणजे धावण्याऐवजी केलेल्या दुसऱ्या व्यायामाने, हृदय आणि फुप्फुसं तयार राहतात, पण प्रत्येक पावलाला जमिनीचा जो दणका बसतो तो सोसायची हाडाची सवय त्याने टिकत नाही. म्हणून दोन महिन्यांनी तुम्ही परत धावायला लागाल तेव्हा दम भरपूर असेल आणि नडगी मात्र अजून कच्ची असेल. दुखणं उलटतं ते बहुतेक वेळा याच काळात, ऐन विश्रांतीत नाही.

आता तलाव. तुमच्यासाठी पहिली पसंती खोल पाण्यात धावण्याला. कमरेला फ्लोटेशन बेल्ट बांधा, पाणी खांद्यापर्यंत हवं आणि पाय तळाला अजिबात लागता कामा नयेत. अंग किंचित पुढे, पण कमरेतून वाकायचं नाही. गुडघा समोर उचला, पाऊल खाली नेऊन मागे ढकला, जमिनीवर धावताना नेतो तसंच. मुठी सैल मिटलेल्या ठेवा. तळवे उघडे राहिले की हात पाणी कापायला लागतात, पायांचं काम ते करून टाकतात आणि व्यायाम पोहण्याचा होऊन बसतो. बरेच जण नुसती सायकल मारल्यासारखे गुडघे वर-खाली करतात आणि मग म्हणतात की पाण्यात काही लागतच नाही. पाऊल मागे जातंय का ते बघा, मांडीच्या मागचा स्नायू आणि नितंब थकले पाहिजेत. पावलांची गती जमिनीपेक्षा कमीच पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पाण्यात नाडी एरवीपेक्षा दहा-पंधरा ठोके कमी दिसते, कारण पाण्याच्या दाबाने रक्त हृदयाकडे सहज परततं आणि अंगही थंड राहतं. त्यामुळे घड्याळावरचा आकडा गाठायच्या मागे लागू नका, धाप किती लागतेय त्यावर जा. आणि पाण्यात विश्रांती लांबली की नाडी झटकन खाली येते, म्हणून इंटरव्हलमधला (आलटून पालटून जोरात आणि हळू करायच्या सरावातला) विसावा आखूड ठेवायचा. मला मनापासून आवडणारा सेशन असा: १५ मिनिटं सावकाश, मग ३ मिनिटं जोरात आणि १ मिनिट हळू असं सहा वेळा, शेवटी १० मिनिटं सैल. जोरात म्हणजे एका दमात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतकं. तयारीच्या धावपटूंनी चार ते सहा आठवडे फक्त अशा पाण्यातल्या सरावावर आपली शर्यतीची पातळी जवळपास राखल्याचं अभ्यासांतही दिसलेलं आहे.

सरळ पोहायचं असेल तर मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) धरा आणि वळताना दुखऱ्या पायाने भिंतीला लाथ मारू नका.

सायकल साधारण लवकर चालते, पण डॉक्टरांना विचारून आणि नडगीत काहीही जाणवत नसेल तरच. सुरुवातीला बसूनच, हलक्या गिअरवर आणि पाय भरभर फिरवत. उभं राहून जोर लावणं नंतर. सायकलवर नाडी धावण्यापेक्षा थोडी कमीच चढते आणि मांड्या आधी बोलायला लागतात, तेव्हा धावण्याचे झोन (नाडीचे ठरवलेले टप्पे) जसेच्या तसे तिथे लावू नका. एलिप्टिकलवर दणका नसतो, पण अंगाचं वजन पायावर येतं. रोजचं चालणं पूर्णपणे बिनदुखीचं झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मगच त्यावर चढा.

किती करायचं, तर किलोमीटर विसरा आणि मिनिटं मोजा. ज्या दिवशी ४५ मिनिटांची सोपी रन असायची त्या दिवशी ४५ मिनिटं पाणी. लाँग रनच्या दिवशी तलाव आणि सायकल मिळून दीड तास. आठवड्यातले दोन दिवस कष्टाचे, बाकीचे सोपे आणि एक दिवस काहीच नाही. क्रॉस ट्रेनिंगमध्ये दणका नसतो म्हणून लोक रोजच जोर करतात. तसं करू नका, हाड भरून यायलाही शरीराला ताकद लागतेच.

हाडाच्या दुखण्याला 'थोडं दुखलं तर चालेल' हा नियम लागू नाही. टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) दुखण्यात, टाचेमागच्या अकिलिसच्या वगैरे, दहापैकी तीन-चार इतकं दुखणं व्यायामात चालवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते निवळलंय ना एवढं पाहतात. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये व्यायाम करताना आणि नंतरही दुखणं शून्य हवं. बोट ठेवलं की नेमक्या एका जागी दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर हाड अजून तयार नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडून नीट विचारून घ्या: फ्रॅक्चर नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला आहे की पुढच्या कडेला? पुढच्या कडेचं भरायला फार हट्टी असतं. खुब्याजवळचं किंवा पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाचं असेल तर तेही तसंच. अशा वेळी यातलं काहीही मनाने सुरू करायचं नाही.

वेगळी इंज्युरी असलेलं कुणी हे वाचत असेल तर चार ओळी. आयटी बँडवाल्यांना (मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा दुखणाऱ्यांना) सायकल अनेकदा सोसत नाही, त्यांनी पाणी बघावं. गुडघ्याच्या वाटीत दुखत असेल तर सीट फार खाली नको आणि जड गिअर नको, ब्रेस्टस्ट्रोकही टाळा. हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) वर, बसायच्या हाडापाशी दुखत असेल तर सायकलची सीट नेमकी तिथेच टोचते.

ताकदीचे व्यायाम आत्ताच सुरू करा. कंबर, नितंब, पोट आणि चांगला पाय यांना कुणी अडवलेलं नाही. एका पायाला व्यायाम दिला तर दुसऱ्या, न वापरलेल्या पायाचीही ताकद काही अंशी टिकते, त्यामुळे धडधाकट पायाचा व्यायाम फुकट जात नाही. नडगीला परवानगी मिळाली की टाचा उचलण्याचे व्यायाम, सरळ गुडघ्याने आणि वाकवलेल्या गुडघ्यानेही. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीतला खोल स्नायू, सोलियस, कामाला लागतो. धावताना त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या सहा-आठ पट भार येतो आणि तो अशक्त असेल तर हा भार शेवटी नडगी सोसते.

आणि जेवण कमी करू नका. धावणं बंद आहे म्हणून वजन वाढेल, या भीतीने ताट अर्धं करणाऱ्यांची हाडं भरायला उशीर लागताना मी वारंवार पाहिलं आहे, आणि दर वेळी जीव तुटतो. पुरेसं खाणं, प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. स्त्रियांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याचा हाडांशी थेट संबंध आहे.

परत धावण्याची वेळ कॅलेंडर बघून ठरवू नका. ३० मिनिटं भरभर चालून काही दुखत नाही, हाडावर दाबून दुखत नाही, एका पायावर उड्या मारता येतात आणि डॉक्टरांची परवानगी आहे, हे सगळं जमलं की १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं आठ वेळा, एक दिवसाआड. ते इतकं सोपं वाटेल की पुढे पळायचा मोह होईल. तिथेच थांबा आणि उरलेली रग त्याच संध्याकाळी तलावात जिरवा. आधी धावण्याची मिनिटं वाढवा, वेग सगळ्यात शेवटी. आणि धावणं सलग अर्ध्या तासावर येईपर्यंत आठवड्यातले दोन्ही कष्टाचे सेशन पाण्यातच राहू द्या.