लायसन्सचा फोटो मागण्याआधी विनंती कसली आहे ते बघा

तुमचा प्रश्न असा: पुण्यातून एका अमेरिकन ऑनलाइन दुकानाचं काम बघता, कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांच्या सीसीपीए या तिथल्या ग्राहक-गोपनीयता कायद्याखालच्या विनंत्या तुमच्या टीमकडे येतात, तर फॉर्ममध्ये सरसकट ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो मागावा का? मागू नका.

‘माझी माहिती विकू नका, शेअर करू नका’ आणि ‘संवेदनशील माहितीचा वापर मर्यादित ठेवा’ या दोन विनंत्यांना ओळख पटवायची अटच घालता येत नाही. रेकॉर्ड सापडण्यापुरता ईमेल विचारा आणि कामकाजाच्या १५ दिवसांत अंमल करा. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रायव्हसी एजन्सीने अमेरिकन होंडाला ६,३२,५०० डॉलरचा दंड केला, त्यातला एक ठपका नेमका हाच होता: नुसतं ‘विकू नका’ म्हणणाऱ्यालाही नाव, पत्ता, फोन, ईमेल असं सगळं भरायला लावलं. फॉर्म सगळ्यांना एकच ठेवला की हे हमखास होतं.

ओळख पटवायची ती माहिती मागणं, खोडणं आणि दुरुस्त करणं यांसाठी. खातं असेल तर पासवर्ड पुरतो, फक्त माहिती हातात देण्याआधी, खोडण्याआधी किंवा दुरुस्त करण्याआधी पुन्हा लॉगिन करायला लावा. खरी डोकेदुखी गेस्ट म्हणून खरेदी करणाऱ्यांची. कोणत्या प्रकारची माहिती साठवली एवढंच हवं असेल तर तुमच्याकडच्या नोंदीशी दोन गोष्टी जुळल्या तरी चालतं. प्रत्यक्ष ऑर्डर हिस्ट्री हवी असेल तर तीन, आणि सोबत खोटं निघाल्यास शिक्षा मान्य असल्याचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र. ते नोटरीकडूनच हवं असा हट्ट धरलात तर नोटरीचा खर्च तुम्हीच द्यायचा. खोडण्यासाठी दोन की तीन, ते माहिती किती नाजूक आहे त्यावर ठरवा: घरच्या फोटोंना कडक, ब्राउझिंग हिस्ट्रीला सैल.

जुळवायला नाव आणि झिप कोड घेऊ नका, ते घटस्फोटित नवऱ्यालाही पाठ असतात. ईमेलवर पाठवलेला कोड, शेवटच्या ऑर्डरची रक्कम आणि तिची तारीख, असं त्रिकूट बरं. तीन जुळले नाहीत तर तपशील नाकारा, पण तीच विनंती ‘कोणत्या प्रकारची माहिती’ म्हणून तपासावीच लागते. इथे बहुतेक टीम फाइल बंद करून मोकळ्या होतात.

पोच कामकाजाच्या १० दिवसांत, उत्तर ४५ दिवसांत. हे ४५ दिवस विनंती आली त्या दिवसापासून मोजायचे, ओळख पटली तेव्हापासून नाही. मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते, पण कारण कळवून. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्यांची त्यात सवलत नाही!

ओळख पटली तरी सोशल सिक्युरिटी, लायसन्स किंवा बँक खात्याचा नंबर, पासवर्ड हे उत्तरात पाठवायचं नाही. ‘तुमचा लायसन्स नंबर आमच्याकडे आहे’ एवढंच लिहा. पडताळणीसाठी घेतलेली जादा माहिती काम झालं की पुसायची, मात्र विनंती आणि तिला दिलेलं उत्तर यांची नोंद २४ महिने ठेवायची.

ग्राहकाच्या वतीने एजंट आला तर त्याच्याकडे ग्राहकाचं सहीचं परवानगीपत्र मागा. माहिती मागणं किंवा खोडणं असेल तर ग्राहकाला थेट विचारून खात्री करता येते. ‘विकू नका’साठी मात्र परवानगीपत्रावरच थांबा.