हिरव्या भाज्यांची हलकी स्मूदी घरी कशी करावी? माझी गवतासारखी लागते आणि तोंडात चोथा येतो. गाळून घेऊ का?

चोथा येतो कारण तुम्ही बहुतेक सगळं एकदम मिक्सरमध्ये कोंबताय, मीही पहिले कित्येक दिवस हेच करायचे. पाणी कमी, त्यात केळं घट्ट, मग पानं पात्याच्या वर नुसती गरगर फिरत बसतात आणि शेवटी चिंध्याच राहतात.

आधी फक्त पालक आणि पाणी. दोन ग्लासांसाठी मी साधारण 30 ग्रॅम पालक घेते, म्हणजे एक मोठी मूठ, जाड देठं काढून, आणि 200 मिली गार पाणी. हे चांगलं मिनिटभर फिरवा, मग काचेच्या ग्लासात थोडं ओतून उजेडाकडे धरून बघा, काचेला हिरवे ठिपके चिकटलेले दिसले तर अजून फिरवा. ठिपके गेले की मगच सालासकट अर्धी काकडी, अर्धं हिरवं सफरचंद, पाच-सहा पुदिन्याची पानं, नखाएवढं आलं आणि अर्धं केळं (सोलून फ्रीजरमध्ये ठेवलेलं असेल तर बर्फ लागत नाही). काकडी चिरली की आधी तुकडा चावून बघा हं, कडू निघाली तर ती टाकूनच द्या, एकदा मी आळस केला आणि सगळं भांडं सिंकमध्ये ओतावं लागलं.

गवताची चव येते ती पानं जास्त झाल्यामुळे. लोक हेल्दी हेल्दी म्हणत अख्खी जुडी घालतात आणि मग साखर नाहीतर मध ओतत बसतात! त्यापेक्षा पालक कमी करा, काकडी वाढवा, तिच्यात जवळजवळ 95 टक्के पाणीच असतं त्यामुळे स्मूदी आपोआप हलकी होते. चिमूटभर मीठ मात्र घालाच, पालकाचा उग्रपणा बराच दबतो.

लिंबाची एक गंमत आहे. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू हवं, पण तेच लिंबू पालकाचा हिरवा रंग मारतं, आंबटपणामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. म्हणून मी चमचाभर रस अगदी शेवटी, ग्लासात ओतल्यावरच पिळते आणि लगेच पिते. वगळू मात्र नका, पालकातलं लोह अंगी लागायला लिंबातल्या सी व्हिटॅमिनची मदत होते. सकाळी करून डब्यात घेऊन जायचं असेल तर शेवाळी रंग चालवून घ्या, चवीत फार फरक पडत नाही.

गाळू का, असंही विचारलंय तुम्ही. माझ्या मते नको, गाळलं की फायबर गेलं आणि उरलं ते नुसतं सरबत. पोट जड होत असेल तर केळं वगळा आणि अर्धाच ग्लास प्या, घटाघट नाही, जरा घोट घोट.

आणि हो, मुतखड्याचा त्रास असेल तर रोज कच्चा पालक नको, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, त्याच्याऐवजी लेट्यूस घाला, रंगही फिका छान येतो. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पालकातलं के व्हिटॅमिन त्या गोळीच्या आड येतं.

मिक्सरचं भांडं मात्र लगेच धुवा, पानं वाळली की पात्याखालून निघता निघत नाहीत.