हा तास की ते तास?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे बदली होऊन आलेल्या एका बँक कर्मचाऱ्यानं विचारलं आहे : "पिकं पाहायला वावरात गेलो. शेतकरी म्हणाला, 'साहेब, सहा तासं सोयाबीन अन् एक तास तूर हाय.' मला वाटलं, हा पेरणीला लागलेला वेळ सांगतोय, म्हणून मी वहीत तसं लिहूनही घेतलं. नंतर कळलं की तो ओळी सांगत होता. घड्याळाचा तास, शाळेतला तास, पेन्सिल तासणं आणि आता हे. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?"

वहीतलं आधी खोडा. आणि 'एकाच शब्दाला' हेही खोडा. गावात तीन रामदास असतात आणि पोस्टमन आडनाव विचारून पत्र देतो, तसा हा प्रकार आहे. इथं आडनावाचं काम लिंग करतं. घड्याळाचा तो तास, वावरातलं ते तास. दोन तास झाले, पण दोन तासं झाली. त्या शेतकऱ्यानं 'तासं' म्हणून तुम्हाला अर्थ सांगितलाच होता, तो तुमच्या कानावरून गेला. त्यात तुमचा दोष नाही. अनेकवचन नसेल आणि 'एक तास तूर' एवढंच ऐकू आलं, तर इथं जन्मलेलं शहरी पोरगंही फसतं.

वावरातलं तास म्हणजे पिकाची ओळ. आमच्या घरी तिफणीनं, म्हणजे पेरणीच्या तीन फणांच्या औतानं, पडते ती काकर, आणि काकरीत पेरलेलं उगवून हिरवी रेघ दिसू लागली की तिचं तास होतं. पेरणारा जुना गडी तासाच्या सरळपणावरून ओळखला जायचा. यात नुसती हौस नाही. पुढं डवरा, म्हणजे तण काढायचं बैलांचं औत, चालतो तो दोन तासांच्या मधून. तास वाकडं गेलं की डवऱ्याची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, थेट रोपांच्या मुळात शिरते. कपाशी चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळींत, लावली असेल तर डवरा उभाही चालतो आणि आडवाही, मग तासाचा बाक दोन्हीकडून नडतो. (या 'पास'मध्येही तोच खेळ आहे. पोरगं पास झालं, एसटीचा पास काढला आणि डवऱ्याची पास लोहाराकडून पाजवून आणली. लोखंडाची ती पास, बसचा तो पास.)

सोयाबीनच्या दोन तासांत साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट अंतर ठेवतात. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. भागाकार करून पाहा : एका एकरात तासांची एकूण लांबी २९,०४० फूट, म्हणजे पावणेनऊ किलोमीटरच्या वर भरते. पाच एकरवाल्याच्या बैलांनी एका डवरणीत किती वाट तुडवली ते यावरून मोजता येईल. निंदणाला आलेल्या बाया मात्र किलोमीटर मोजत नाहीत, तासं मोजतात. "तू दोन घे वं, मी दोन घेतो, धुऱ्यापर्यंत जाऊ," म्हणत पात, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, धरतात आणि बोलत बोलत पुढं सरकतात. वऱ्हाडात बाईही 'मी घेतो' म्हणते, हे नव्या साहेबांनी आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

आता घड्याळाचा तास. हा पाहुणा फारसीतून आला, आणि येताना त्याचा अर्थ वेळ नव्हता, भांडं होता. 'तास' म्हणजे वाटी, कटोरा. भांड्याचा वेळेशी काय संबंध? आपल्याकडे वेळ भांड्यानंच मोजत. बुडाला बारीक भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती हळूहळू भरून बुडली की एक घटका झाली. अशा ६० घटका म्हणजे दिवस आणि रात्र मिळून एक अहोरात्र. म्हणजे घटका २४ मिनिटांची, आणि आजच्या एका तासात अडीच घटका बसतात. 'घटका' हा शब्दही घट म्हणजे घड्यापासूनच आला. भांड्याचं नाव वेळेला देण्याची रीत संस्कृतात होतीच, फारसी तासानं तीच वाट धरली. 'त्याची घटका भरली' असं आपण मरणाऱ्याबद्दल म्हणतो, तेव्हा ती वाटी अजून घंगाळात तरंगत असते.

वेळ झाली की लोकांना कळवायला धातूची थाळी ठोकत. त्या थाळीलाही तासच म्हणत. म्हणून तास 'वाजतो'. आमच्या शाळेत थाळी नव्हती, रेल्वेरुळाचा तुकडा कडुनिंबाला टांगलेला होता. शिपाईकाका त्यावर लोखंडी कांब हाणायचे आणि आम्ही ओरडायचो, "तास झाला!" थाळीचा आवाज, दोन आवाजांमधला वेळ आणि त्या वेळात शिकवलेलं गणित, सगळं एकाच नावावर चढलं. इथं मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे : हा खरोखर एक शब्द, अनेक अर्थ. गणिताचा तास बुडवणारी मुलं नकळत त्या पाण्यातल्या वाटीचीच भाषा बोलतात, असं मला उगाच वाटतं. याला व्युत्पत्ती समजू नका, ही माझी हौस.

लग्नाच्या वरातीतला ताशाही याच घरातला. उथळ कटोऱ्यावर कातडं ताणलं की झाला ताशा. नवरदेवापुढं दोन तास ताशा वाजतो तेव्हा दोन भावंडं एकत्र नाचत असतात.

राहिलं 'तासणं'. त्याचा वाटीशी काडीचाही संबंध नाही. संस्कृत 'तक्ष्' म्हणजे लाकूड सोलणं, छिलणं. त्यावरूनच सुताराला 'तक्षन्' म्हणत. आमचा वाढई वखराची दांडी वाकसानं तासतो, आई हलव्यासाठी गाजरं तासते, नातू पेन्सिल तासतो. आणि वावरातलं तास? माझा कौल याच घराकडे. लाकडावर हत्यार फिरलं की लांब चर पडते, तशीच जमिनीवर फाळ फिरला की पडते. फारसी वाटीतून शेताची रेघ काढायला फार ओढाताण करावी लागते.

तुमच्या कामापुरतं सांगतो. कागदावर 'ओळ' लिहा, वरच्या साहेबाला कळेल. तोंडी मात्र 'तास'च म्हणा, नाहीतर शेतकरी तुम्हाला पाहुणाच समजेल. मजुरीचं बोलणं चाललं असेल तर जरा थांबून विचारा. जेसीबीवाला तासावर भाव सांगतो तेव्हा तो घड्याळाचा असतो. परवा शेजारच्या भाऊनं निंदणाच्या मावशीला विचारलं, "तासावर येतं का?" मावशी म्हणाली, "घड्यायच्या की तुरीच्या? तुरीचं वेगळं पडन."