जुळण्या थोड्या मिळाल्या म्हणून उपग्रहाला दोष देण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : गोवा ते रत्नागिरी या पट्ट्यात तीन वेगवेगळ्या गटांनी घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातील क्लोरोफिलच्या (वनस्पतींतील हिरव्या रंगद्रव्याच्या) चारशेहून अधिक नोंदी तुम्ही एकत्र केल्या आणि ॲक्वा उपग्रहावरील मोडिस या समुद्राचा रंग मोजणाऱ्या संवेदकाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, जुळण्या (एकाच जागेच्या, जवळपास एकाच वेळच्या नोंद आणि उपग्रह-आकडा यांच्या जोड्या) जेमतेम तीसेक निघाल्या, त्यांतही उपग्रहाचा आकडा कुठे दुप्पट तर कुठे निम्मा, तेव्हा या किनाऱ्यापुरती उपग्रहाची मोजमापे निरुपयोगी मानावीत का? माझ्या मते तसे लिहून मोकळे होण्याआधी स्वतःचा तक्ता तपासावा, कारण एवढ्या मोठ्या फरकाचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

जुळण्या कमी मिळाल्या याचे वाईट वाटून घेऊ नका. जून ते सप्टेंबर आपला किनारा ढगांखाली असतो, त्यामुळे त्या काळातल्या नोंदी जवळजवळ सगळ्या बाद होतात. उरलेल्यांपैकी काही पाण्यावरच्या सूर्याच्या चकाकीत जातात. बेली आणि वर्डेल यांनी 2006 मध्ये मांडलेले निकष आजही बहुतेक जण वापरतात : नमुना आणि उपग्रहाची त्या जागेवरून होणारी फेरी यांत तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको, स्थानाभोवतीच्या 5 × 5 पिक्सेलांपैकी निम्म्याहून अधिक वापरण्याजोगे हवेत, आणि त्या चौकटीतले आकडे एकमेकांपासून फार भिन्न नकोत, म्हणजे प्रमाण विचलनाला सरासरीने भागल्यावर 0.15 पेक्षा जास्त येऊ नये. हे निकष मोकळ्या समुद्रासाठी सोयीचे आहेत. मोडिसचा पिक्सेल सुमारे 1 किलोमीटरचा, म्हणजे गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाशी 5 × 5 ची चौकट टाकली की तिच्यात जमीनही येणार. तरीही जुळण्या वाढाव्यात म्हणून तीन तासांचे चोवीस तास करू नका. खाडीच्या तोंडाशी सहा तासांत भरतीची ओहोटी होते आणि सकाळी बाटलीत घेतलेले पाणी दुपारी तिथे राहिलेलेच नसते.

आता तक्त्याकडे वळू. पहिली शंका वेळेची. ॲक्वा 2022 पर्यंत गोव्यावरून भारतीय वेळेनुसार साधारण दुपारी दोनच्या आसपास जात असे, म्हणजे जागतिक वेळेनुसार साडेआठच्या सुमारास. एखाद्या गटाने भारतीय वेळ लिहिली आणि तुम्ही ती जागतिक समजलात, तर दुपारी दोनचा उत्तम नमुना साडेपाच तासांनी चुकून बाद होतो. सकाळी साडेआठचा नमुना मात्र अगदी फेरीच्याच क्षणी घेतल्यासारखा दिसतो आणि जुळणी म्हणून बिनबोभाट आत शिरतो. गमावलेल्या जुळणीपेक्षा ही खोटी जुळणी जास्त घातक, कारण ती गाळणारा कोणताही निकष तुमच्याकडे नसतो.

दुसरी शंका स्थानाची, आणि ही चूक माझ्याच हातून झालेली आहे. गोव्यातील दोनापावलाजवळचे स्थान वहीत 15 अंश 27 मिनिटे उत्तर, 73 अंश 48 मिनिटे पूर्व असे होते. दशांशात ते 15.45 आणि 73.80 व्हायला हवे, मी 15.27 आणि 73.48 असे भरले. त्या एका ओळीने खाडीतले गढूळ पाणी दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर आत, स्वच्छ समुद्रात नेऊन ठेवले. जमिनीवर पडले असते तर लगेच दिसले असते. पाण्यात पडल्यामुळे कित्येक दिवस मी उपग्रहालाच बोल लावत होतो. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक कुठेच 59 च्या वर जात नसतील, तर तो स्तंभ मिनिटांचा आहे असे समजा.

मग मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो. तुमच्या तीन गटांपैकी दोघांनी फ्लुओरोमीटर (प्रकाश टाकल्यावर रंगद्रव्य किती चमकते ते मोजणारे यंत्र) वापरला आहे आणि एकाने एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत). हे दोन आकडे एका स्तंभात मिसळू नका. फ्लुओरोमीटरच्या जुन्या आम्लपद्धतीत क्लोरोफिल-बी आणि विघटित रंगद्रव्ये मुख्य आकड्यात ढवळाढवळ करतात, तर एचपीएलसी प्रत्येक रंगद्रव्य वेगळे काढते. पाणी गाळलेला फिल्टर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला होता की साध्या शीतकपाटात, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहा, कारण उजेड आणि ऊब यांनी क्लोरोफिल झपाट्याने घटते आणि दोष उपग्रहाच्या माथी येतो. खोलीही पाहा. उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा थर दिसतो, गढूळ पाण्यात तर अवघे काही मीटर. वरपासून तळापर्यंतच्या पाण्याची सरासरी त्याच्याशी ताडण्यात अर्थ नाही.

एकाच सागरी सफरीतल्या नोंदी दोन संग्रहांतून दोनदा तुमच्याकडे आलेल्या असणे अगदी शक्य आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सागर-रंग प्रकल्पासाठी जगभरच्या नोंदींचे जे संकलन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पुनरावृत्ती काढून टाकण्यावर आणि प्रत्येक नोंदीचा मूळ स्रोत जपण्यावर मोठे श्रम घेतलेले आहेत. तुम्हीही सरासरी काढण्याआधी मूळ ओळी कायम ठेवा.

एवढे करूनही फरक उरला, तर क्लोरोफिल बाजूला ठेवून पाण्यातून बाहेर येणाऱ्या प्रकाशाकडे जा. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के भाग वातावरणाचा असतो; तो वजा करताना झालेली लहानशी चूक निळ्या पट्ट्यात मोठी दिसते, आणि क्लोरोफिलचे नेहमीचे सूत्र निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरच उभे आहे. त्यात नदीचा गाळ आणि विरघळलेले पिवळसर सेंद्रिय द्रव्यही निळा प्रकाश खातात, म्हणून सूत्र त्यांना वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव) समजते. तुमच्या दुप्पट आकड्यांपैकी बरेचसे नदीमुखांजवळचे असतील असा माझा कयास आहे. प्रकाशाची मोजणी तुमच्याकडे नसल्यास लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळच्या प्रकाशमापक बोयाचा (पाण्यावर तरंगणाऱ्या, नांगरलेल्या उपकरणाचा) विचार मनात येईल, पण तिथले स्वच्छ पाणी कोकणच्या खाड्यांबद्दल फार काही सांगणार नाही. शिवाय ज्या बोयाच्या आकड्यांवरून एखाद्या संवेदकाचे अंशांकन झाले, म्हणजे त्याचे आकडे प्रमाणाशी लावले गेले, त्याच आकड्यांनी त्याची पडताळणी करता येत नाही. मोडिसच्या बाबतीत हवाईजवळचा मोबी हा बोया असाच बाद ठरतो.

शेवटी तुम्ही त्रुटीचे सूत्र विचारले आहे. क्लोरोफिल 0.1 पासून 10 मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या पुढेही पसरते, म्हणून फरक लॉगरिदम घेऊनच मोजा, नाहीतर खाडीतले चार मोठे आकडे बाकी सगळ्यांना गिळतील. मोकळा समुद्र आणि नदीमुखे यांचे निकाल वेगळे द्या, आणि 2016 नंतरच्या नोंदी असतील तर त्या सेंटिनेल-3 उपग्रहांवरील 300 मीटर विभेदनाच्या ओल्सी संवेदकाशीही ताडून पाहा. दोन्ही उपग्रह एकाच ओळीवर एकाच दिशेने चुकत असतील, तर त्या ओळीची मूळ वही मागवा.