बायोप्सी झाली तरी सोरायसिस की औषधाची रिॲक्शन, हे का ठरत नाही?

तुमच्या वडिलांना ताप आला, अंगभर पूवाच्या बारीक पुळ्या उठल्या, एक डॉक्टर सोरायसिस म्हणतात, दुसरे रिॲक्शन, आणि रिपोर्टमध्ये ‘सबकॉर्नियल पुस्ट्यूल’ एवढंच आलंय. मी सांगलीत अशा स्लाईड वाचते. कातडीच्या अगदी वरच्या थराखाली पू दोन्ही आजारांत साठतो, त्यामुळे तेवढ्यावर कुणालाच ठरवता येणार नाही.

मी आधी तारखा मागते. औषधाच्या रिॲक्शनमध्ये (एजीईपी) ॲंटिबायोटिक सुरू झाल्यावर बहुधा एक-दोन दिवसांतच पुळ्या येतात. डिल्टियाझेम (रक्तदाबाचं औषध) किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (मलेरिया, संधिवातावरचं औषध) यांना जास्त दिवस लागतात. सुरुवात बऱ्याचदा काखा-जांघांतून होते आणि औषध बंद केलं की साधारण दोन आठवड्यांत पापुद्रे सुटून कातडी साफ होते. सोरायसिसच्या पुळ्या मात्र लाटांनी परत येतात, आणि पूर्वीचे चट्टे किंवा घरात कुणाला सोरायसिस असल्याचं बऱ्याचदा विचारल्यावर निघतं. स्टिरॉइड अचानक थांबलं तरी तो असा भडकतो. म्हणून सांधेदुखीवर कुणी स्टिरॉइड असू शकणाऱ्या बिननावाच्या पुड्या दिल्या होत्या का, हेही सांगा. लोक त्यांना औषधात धरतच नाहीत. आणि कृपा करून वर हळद लावू नका, खालची लाली झाकली जाते.

स्लाईडमध्ये एपिडर्मिस (कातडीचा बाहेरचा थर) जाड होऊन बोटांसारखी खाली लांबलेली, त्या बोटांच्या मधल्या जागेत नागमोडी फुगलेल्या रक्तवाहिन्या, असं दिसलं तर मी सोरायसिसकडे झुकते. एकट्यादुकट्या मेलेल्या पेशी, वरच्या डर्मिसला (एपिडर्मिसखालच्या थराला) सूज आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसले तर औषधाकडे. पण नुसत्या इओसिनोफिलवर माझा भरवसा नाही. ते सोरायसिसमध्येही सापडतात. शिवाय ताज्या भडक्यात एपिडर्मिस अजून जाड झालेली नसते.

ताप उतरला नसेल तर हा वाद ॲडमिट करून मिटवा, घरी नको.

फोड मऊ, खाली पू नि वर स्वच्छ पाणी, आणि काखा-जांघांत कडी करून महिनोन्‌महिने येत असतील तर तिसरंच काही: १९५६ साली स्नेडन आणि विल्किन्सन या त्वचारोगतज्ज्ञांनी वर्णन केलेला आजार, किंवा स्लाईडवर हुबेहूब तसाच दिसणारा आयजीए पेम्फिगस (यात शरीराचीच आयजीए अँटीबॉडी कातडीवर हल्ला करते). त्या दोघांतला फरक इम्युनोफ्लुरोसन्सवर (कातडीतल्या अँटीबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीवर) कळतो. त्यासाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही, तेव्हा बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.