वाचकांचे सवाल : असईची म्हणून विकायला आलेली रायफल

सवाल : नमस्कार काका, मी जालन्याचा, वय २०, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय. जुनी नाणी जमवता जमवता आता बंदुकीचा नाद लागलाय. भोकरदनकडचा एक दलाल जुनी मिलिट्री रायफल दाखवायलाय, म्हणतो असईच्या लढाईतली हाय, वर इंग्रजीत 'टॉवर १८५७' कोरलेलं हाय. ४५ हजार म्हणतो पण ३८ पर्यंत येईल. अँटिक हाय म्हणून लायसन्स लागत नाही म्हणे, अन् आग आत जायचं भोक पण शिशानं बुजवलेलंय. पहिलीच खरेदी हाय, घेऊ का? फोटो जोडलाय.

जवाब : अरे बाबा, आधी तारखेचा हिशोब कर की. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला, इंग्रजांचा वेलस्ली एकीकडं अन् शिंदे-भोसले दुसरीकडं. मग १८५७ चा शिक्का असलेली बंदूक तिथं गेली कशी? अन् तुझ्या फोटोत घोड्याखाली, आपटली की ठिणगी पाडणारी टोपी बसवायचं निपल, म्हणजे बारीक नळकांडं, चक्क दिसतंय. १८०३ ला शिपायांच्या हातात चकमकीच्या (गारगोटीनं ठिणगी पाडणाऱ्या) नाहीतर तोड्याच्या (जळत्या वातीनं बार उडवणाऱ्या) बंदुका होत्या, टोपीवाल्या इंग्रजांच्या पलटणीत यायला पुढं तीस-पस्तीस वर्षं गेली. दलालानं शिक्का वाचलाच नाही, किंवा तू वाचणार नाहीस असं धरून चाललाय. आपल्या भागात कुठंही लोखंडाची नळी निघाली की ती असईची नाहीतर रझाकाराची, तिसरी गोष्ट कुणाला सुचतच नाही.

म्हणजे बंदूक खोटीच हाय असं मात्र नाही म्हणत मी. १८५३ च्या पॅटर्नची एनफील्ड, म्हणजे इंग्रज फौजेची टोपीवाली रायफल, असेल तर १८५७ हे साल बरोबर बसतं. लॉकच्या, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्राच्या, पट्टीवर घोड्याच्या मागं मुकुट अन् खाली व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं पाहिजेत, घोड्याच्या पुढं साल अन् टॉवर. टेप घेऊन जा, नळी ३९ इंच भरली पाहिजे, अन् नळी दस्त्याला धरून ठेवणारे बंद तीन. आतून टॉर्च मारून बघ, तीन खाचा वळत गेलेल्या दिसतील. नाही दिसल्या तर लगेच बनावट म्हणू नको, कारण १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम बिनखाचांच्या, लांबवर नेम न बसणाऱ्या बंदुका दिल्या होत्या. फक्त तसल्या बंदुकीवरचं साल बहुधा १८५७ च्या पुढचं असतं.

आता माझी फजिती सांगतो. मी २६ चा असताना एका महिन्याचा पगार देऊन असलंच एक घेतलं, विकणाऱ्याचं नाव काही लिहीत नाही. मुकुट झकास, व्ही. आर. झकास, अन् खाली साल १९०५. राणी वारली १९०१ च्या जानेवारीत! घरी आणून भिंग लावल्यावर दिसलं की एनफील्ड शब्दातलं इंग्रजी एन अक्षर पण उलटं ठोकलंय. वायव्य सरहद्दीकडच्या (खैबर खिंडीच्या भागातल्या) कारागिरांच्या नकलांत असं उलटं एन सापडतं, पण माझं तर त्या नकलेचीही नक्कल निघालं, नळी आरपार नव्हतीच, नुसतं शोभेचं. बायको आजपण त्याला पगार म्हणती.

आता लायसन्सचं नीट ऐक, कारण इथंच पोरं अडकतात. अँटिक म्हणलं की सुटका, असं काही नसतं. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पॅटर्नच्या किंवा पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या हत्याराला सूट हाय, पण कधी, तर ते दुरुस्त करूनसुद्धा चालण्यासारखं नसेल तेव्हा. दुरुस्त करूनसुद्धा, हे शब्द पाठ कर. शिशानं बुजवलेलं भोक ड्रिल मशीननं पाच मिनिटांत मोकळं होतं, मग ती सूट तुला कशी लागू होईल? अन् लायसन्स काढतो म्हणशील तर २१ पूर्ण झाल्याशिवाय ते मिळत नाही. दलालाला एवढंच म्हण, ही बंदूक सुटीत बसती असं लेखी कागद दाखव अन् तुझं स्वतःचं विक्रीचं लायसन्स दाखव, कारण शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली वेगळं लायसन्स लागतं. बघ मग ३८ हजार किती वेळात २० होतात, अन् २० झाले तरी घेऊ नको. उद्या कुणी पहिल्या महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन आला तर तिथं उभापण राहू नको, ती प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापात येती.

तवर पैसे शिल्लक ठेव. देवगिरी एक्सप्रेसनं हैदराबादला जा अन् सालारजंग म्युझियममधल्या हत्यारांपुढं अख्खा दिवस काढ, नुसते शिक्के अन् लॉक बघ. जमवायचंच असेल तर बारूदाचं शिंग, शिशाच्या गोळ्यांचा साचा, पट्ट्यावरचं पितळी बक्कल असलं घे. माझ्याकडं एक साचा हाय, कात्रीसारखा उघडतो, आतल्या वाटीत अजून शिशाची करडी साय चिकटलेली हाय, पोरं घरी आली की आधी तोच हातात घेतात.

सवाल : आमचा धाराशिवकडचा जुना वाडा पाडताना माळवदात गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक सापडली. आजी म्हणते रझाकाराच्या काळात लपवली होती. चिंचेनं घासून दिवाणखान्यात लावावी का?

जवाब : ताई, चिंच स्वयंपाकघरात राहू द्या अन् बंदुकीला कुणाला हात लावू देऊ नका, पोरांना तर बिलकुल नाही. १९४८ ला लपवलेली म्हणजे बार भरूनच लपवलेली असू शकते, अन् कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीसुद्धा पेटते. जाणकार माणूस नळीत लाकडी काठी घालून खूण करतो अन् तीच काठी बाहेरून नळीला लावून बघतो, निपलच्या तीन-चार बोटं आधीच थांबली की आत काहीतरी हाय. हे पण तुम्ही करू नका. वकिलाकडून अर्ज लिहून घ्या, पोलीस ठाण्याला कळवा, बार भरलेला असू शकतो हे त्यात ठळक लिहा, जमा केल्याची पावती घ्या, मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कचेरीत काय करता येतं ते वकील बघेल. अन् गोणपाट फेकू नका, त्यावर गिरणीचा शिक्का असला तर बंदूक कधी गुंडाळली त्याचा अंदाज येतो.