खिडक्या धुण्याचा धंदा आणि व्हॅटची नोंदणी : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये खिडक्या धुण्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर बरीच पत्रं आली: व्हॅट, म्हणजे विक्रीवर लागणारा मूल्यवर्धित कर (या कामांवर २० टक्के), आणि त्याची नोंदणी. त्यातले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : माझे पती आणि त्यांच्या हाताखालचा एक मुलगा मिळून घरांच्या खिडक्या धुतात. सगळी गिऱ्हाइकं घरगुतीच आहेत. वर्षाची जमा ८२,००० पौंडांवर गेली आहे आणि कामाला अजून मागणी आहे. व्हॅटला आत्ताच नाव नोंदवावं, की मर्यादा ओलांडेपर्यंत थांबावं? (वाचक, लेस्टर)

उत्तर : थांबा. पण डोळे मिटून थांबू नका.

१ एप्रिल २०२४ पासून नोंदणी सक्तीची करणारी उलाढालीची मर्यादा ९०,००० पौंड आहे. त्याआधी ती ८५,००० होती. ही मर्यादा हिशोबाच्या वर्षाला किंवा एप्रिल ते एप्रिलच्या करवर्षाला लावायची नसते. ती लागते मागच्या कुठल्याही सलग १२ महिन्यांना. सर्वांत जास्त लोक फसतात ते इथेच. अकाउंटंट वर्षातून एकदा हिशोब करतो, त्यात ८७,००० दिसतात, म्हणून मंडळी निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात मधल्या कुठल्या तरी महिन्यात बेरीज ९०,००० च्या वर जाऊन आलेली असते.

यावर उपाय म्हणजे वहीतला एक रकाना आणि महिन्याची पाच मिनिटं. महिना संपला की त्या महिन्याची जमा बारा महिन्यांच्या बेरजेत मिळवायची आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची जमा वजा करायची. समजा ऑक्टोबरअखेर बेरीज ८८,४०० आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये ६,१०० चं काम झालं होतं, या नोव्हेंबरमध्ये ८,२०० चं झालं. नवी बेरीज होते ९०,५००, म्हणजे मर्यादा ओलांडली. आता ३० डिसेंबरच्या आत एचएमआरसीला (ब्रिटनच्या करखात्याला) कळवायचं आणि १ जानेवारीपासून व्हॅट लागू. बेरजेत झालेलं काम धरायचं. खिडक्या धुऊन झाल्या आणि पैसे दोन महिन्यांनी आले, तरी ते काम ज्या महिन्यात झालं त्याच महिन्याचं.

आता ‘थांबा’ का म्हटलं ते आकड्यांत पाहू. घरगुती गिऱ्हाइकाला तुम्ही लावलेला व्हॅट परत मिळत नाही. त्याच्या लेखी १८ पौंडांची धुलाई २१.६० झाली, एवढंच. भाव न वाढवता १८ च ठेवलात, तर त्यातला सहावा हिस्सा, म्हणजे ३ पौंड, सरकारचा आणि १५ तुमचे. उलाढाल ९६,००० झाली आणि भाव जुनेच राहिले, तर व्हॅट १६,००० निघतो. डिझेल, व्हॅनची दुरुस्ती, ब्रश, रेझिन (पाणी शुद्ध करायचा पदार्थ), फोन, अकाउंटंट यांच्यावर तुम्ही भरलेल्या व्हॅटपैकी साधारण १,००० परत मिळाले असं धरा. पगारावर आणि विम्यावर परत मागण्याजोगा व्हॅट नसतो, आणि या धंद्यातला मोठा खर्च पगाराचाच. म्हणजे ९६,००० मधून हाती उरले ८१,०००. नोंदणीशिवाय ८९,००० वर थांबला असतात, तर पूर्ण ८९,००० उरले असते. सात हजारांचं काम जास्त केलं आणि आठ हजार कमी मिळाले.

त्याच भावात पुन्हा ८९,००० हाती यायला उलाढाल १,०५,६०० वर न्यावी लागते, आणि त्यात वाढीव कामाची मजुरी अजून धरलेलीच नाही. म्हणून आमचं मत ठाम आहे: निव्वळ घरगुती राउंड (ठरावीक गिऱ्हाइकांची फेरी) असेल तर ९०,००० ते १,०५,००० हा पट्टा टाळा. एक तर खाली राहा, नाही तर दुसरी व्हॅन आणि माणूस घेऊन एका दमात सव्वा लाखाच्या पुढे जा. रेंगाळलात की नुकसान.

खाली राहायचं असेल तर त्यात बेकायदेशीर काही नाही. लांबची, पार्किंगला त्रासाची, कमी भावाची घरं सोडून द्या. काम कमी घेणं हा तुमचा हक्क आहे. जे घेतलं ते वहीत न लिहिणं हा मात्र गुन्हा आहे.

वर जायचं असेल तर भाव आधीपासून चढवा. एका झटक्यात १८ चे २१.६० केले की फोन खणखणू लागतात. वर्षभरात १८ वरून १९.५०, मग २१ असं गेलं तर बहुतेक गिऱ्हाइकं टिकतात. नव्या गिऱ्हाइकाला तर पहिल्या दिवसापासून व्हॅट धरूनच भाव सांगा. मात्र भाववाढीमुळे ९०,००० ची मर्यादा आणखी लवकर गाठली जाते, हे तारखा ठरवताना लक्षात असू द्या.

प्रश्न : माझी उलाढाल ७०,००० आहे. त्यातले ५०,००० ऑफिसं आणि शोरूमचे, बाकी घरं. एका इमारत-व्यवस्थापन कंपनीने ‘व्हॅट नंबर नसेल तर काम देणार नाही’ असं सांगितलं. मर्यादेच्या आत असूनही नोंदणी करता येते का? (वाचक, रेडिंग)

उत्तर : येते, आणि तुमच्या बाबतीत ती विचार करण्यासारखी आहे. जे गिऱ्हाईक स्वतः व्हॅट भरतं, त्याला तुमच्या बिलावरचा २० टक्के परत मिळतो. त्याच्यासाठी तुमचा भाव वाढलेलाच नसतो.

पण ‘कमर्शियल’ म्हणजे व्हॅट परत मिळवणारं, असं समीकरण मांडू नका. दाताचा दवाखाना आणि केअर होम यांची सेवा व्हॅटमुक्त असते, त्यामुळे त्यांना तुमचा व्हॅट सहसा परत मिळत नाही. कोपऱ्यावरचं छोटं सलून स्वतः मर्यादेच्या आत असेल तर त्यालाही नाही. फ्लॅटच्या ब्लॉकचा जिना आणि खिडक्या धुता, तेव्हा बिल कंपनीच्या नावे असलं तरी पैसे रहिवाशांच्या सर्व्हिस चार्जमधून जातात आणि व्हॅटचा भार शेवटी त्यांच्यावरच पडतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला सरळ विचारा, ‘तुम्ही व्हॅट परत मागता का?’ आणि वहीत दोन रकाने करा.

समजा ५०,००० वाले सगळेच परत मागणारे निघाले. मग तोटा फक्त २०,००० च्या घरगुती कामावर. भाव तेच ठेवलेत तर वर्षाला ३,३३३ जातील. तो भाव दहा टक्क्यांनी वाढवून २२,००० केला आणि गिऱ्हाइकं टिकली, तर व्हॅट ३,६६७ निघतो, हाती १८,३३३ राहतात आणि तोटा १,६६७ वर येतो. खर्चावरचा १,५०० व्हॅट परत आला की जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो, आणि वर ते नवं काम मिळतं. मग प्रश्न उरतो कागदपत्रांचा: दर तीन महिन्यांनी रिटर्न, ते तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवसांच्या आत, ‘मेकिंग टॅक्स डिजिटल’ या सरकारी ऑनलाइन पद्धतीला चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून. राउंड सांभाळायला जे ॲप वापरता त्यातून हे रिटर्न थेट जातं का, ते आधी पाहून घ्या. ऑफिसं पैसे द्यायला साठ-साठ दिवस लावतात, म्हणून कॅश अकाउंटिंग स्कीम घ्या. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे हातात आल्यावरच तुमच्यावर व्हॅट लागतो.

प्रश्न : नवी व्हॅन १८,००० पौंड अधिक व्हॅट आहे. तो ३,६०० चा व्हॅट सोडवण्यासाठी नोंदणी करावी का? उलाढाल ६०,०००, सगळी घरं. (वाचक, कॉव्हेंट्री)

उत्तर : करू नका. एकदाच मिळणाऱ्या ३,६०० साठी जुन्याच भावात दर वर्षी १०,००० द्यावे लागतील.

शिवाय घाई करायचं कारणही नाही. पुढे कधी नोंदणी केलीत, तर त्याआधीच्या चार वर्षांत घेतलेल्या आणि नोंदणीच्या दिवशी धंद्यात वापरात असलेल्या वस्तूंवरचा व्हॅट तेव्हा मागता येतो. व्हॅन, टाकी, पंप, होज रील, वॉटर-फेड पोल (पाणी सोडणारा लांब दांड्याचा ब्रश), आरओ युनिट (पाणी शुद्ध करायचं यंत्र), सगळं यात येतं. सेवांच्या बाबतीत ही मुदत फक्त सहा महिन्यांची. त्यामुळे व्हॅन विकत किंवा हायर परचेसवर (हप्ते संपले की मालकी तुमची) घेतलीत तर तिचा व्हॅट जपून राहतो, लीजवर (ती सेवा धरतात) घेतलीत तर मागचे बहुतेक हप्ते बुडतात. तुमच्या नावचं, विक्रेत्याचा व्हॅट नंबर असलेलं बिल फाईलला लावा. ते नसेल तर काही मागता येत नाही. खासगी माणसाकडून जुनी व्हॅन घेतली असेल तर तिच्यावर व्हॅट नसतोच. आणि व्हॅनऐवजी पाच सीटची कार घेतलीत तर तिचा व्हॅट साधारणतः परत मिळत नाही, मागे पोल ठेवत असलात तरी.

प्रश्न : ‘फ्लॅट रेट’ घेतला की १२ टक्क्यांत काम होतं असं ऐकलं. खरं का? (वाचक, स्लाउ)

उत्तर : अर्धं खरं. फ्लॅट रेट म्हणजे एकूण जमेवर एकच ठरलेला टक्का भरायची योजना. पुढच्या वर्षाची अपेक्षित उलाढाल व्हॅट वगळून १,५०,००० पर्यंत असेल तर ही योजना घेता येते. खिडक्या धुण्यासाठी यादीत वेगळी ओळ नाही, म्हणून ‘इतर’ गटाचा १२ टक्के दर लागतो, तोही व्हॅटसकट एकूण जमेवर. नोंदणीच्या पहिल्या वर्षी एक टक्का सूट. त्या बदल्यात खर्चावरचा व्हॅट मागता येत नाही. अपवाद एका वेळी व्हॅटसकट २,००० पौंड किंवा अधिक किमतीच्या भांडवली वस्तूचा.

अडचण आहे ‘लिमिटेड कॉस्ट’ या अटीची. वस्तूंवरचा खर्च जमेच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असेल, किंवा वर्षाला १,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर दर थेट १६.५ टक्के. १,२०,००० जमेवर २ टक्के म्हणजे २,४००. रेझिन, साबण, कापडं, रबर, फिल्टर चालतात. डिझेल, व्हॅन, तिचे सुटे भाग, जेवण आणि भांडवली यंत्रं धरत नाहीत. आरओ लावलेला माणूस रेझिनवर फार खर्च करत नाही, आणि एक चांगला ब्रश बराच काळ चालतो. २,४०० गाठणं कठीणच.

१६.५ टक्क्यांनी १,२०,००० वर १९,८०० भरावे लागतात, नेहमीच्या पद्धतीने खर्चावरचा व्हॅट वजा करण्याआधी २०,०००. वाचले २००. तुमच्या डिझेलवरचाच व्हॅट त्याहून जास्त असेल. अशा वेळी साधी पद्धतच बरी. दोन टक्क्यांची अट खरोखर पूर्ण होत असेल तर १२ टक्के उत्तम. पण ही अट दर रिटर्नच्या वेळी तपासावी लागते.

प्रश्न : घरं नवऱ्याच्या नावावर आणि दुकानं माझ्या नावावर केली तर दोघंही मर्यादेच्या आत राहू. चालेल का? (वाचक, वेम्ब्ली)

उत्तर : कागदावर नावं वेगळी केल्याने धंदे वेगळे होत नाहीत. एचएमआरसी पाहते ती पैशाची, व्यवहाराची आणि व्यवस्थेची गुंफण. व्हॅन एक, टाकी एक, फोन नंबर एक, दारात टाकायचं पत्रक एक, डायरी एक, पैसे एकाच खात्यात: असं असेल तर दोन्ही मिळून एकच व्यवसाय आहे असा आदेश निघू शकतो. तो सहसा पुढच्या तारखेपासून लागू होतो. पण वेगळेपण निव्वळ दाखवण्यापुरतं होतं असं ठरलं, तर वसुली मागच्या तारखेपासून. खरोखर वेगळी व्हॅन, वेगळं खातं, वेगळी गिऱ्हाइकं, एकमेकांच्या कामाचं रीतसर बिल, एवढं सगळं करायची तयारी असेल तरच हा विचार करा.

प्रश्न : सप्टेंबरअखेर मर्यादा ओलांडली होती हे आम्हाला आता फेब्रुवारीत कळलं. काय करू? (वाचक, ल्यूटन)

उत्तर : याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज करा. अर्जात १ नोव्हेंबर हीच तारीख द्या, आजची नको. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पौंडातला सहावा हिस्सा तुमच्यावर देणं आहे, तुम्ही तो गिऱ्हाइकाकडून घेतला असो वा नसो. त्यावर व्याज लागतं. दंडही असतो, पण चूक मुद्दाम केलेली नसेल आणि १२ महिन्यांच्या आत, त्यांनी विचारण्याआधी स्वतःहून कळवलंत, तर तो शून्यापर्यंत उतरू शकतो.

नंबर हातात येईपर्यंत बिलावर ‘व्हॅट’ असा शब्द लिहिता येत नाही. तेवढी रक्कम भावात वाढवून घ्या, आणि ऑफिसांना सांगून ठेवा की नंबर आला की व्हॅटचं बिल पाठवू. नोव्हेंबरपासूनच्या कामाचीही अशी बिलं पाठवा. ज्यांना व्हॅट परत मिळतो ते बहुधा ती रक्कम देतील. घरगुती गिऱ्हाइकांकडून मागची वसुली करायला जाऊ नका, गिऱ्हाईकही जाईल.

एकच मोठं काम, उदाहरणार्थ नव्या इमारतीची बांधकामानंतरची धुलाई, यामुळे मर्यादा ओलांडली असेल तर वेगळा रस्ता आहे. पुढच्या १२ महिन्यांत उलाढाल ८८,००० च्या वर जाणार नाही हे पुराव्यानिशी दाखवता आलं, तर नोंदणीतून सूट मागता येते. त्या कामाचं कंत्राट आणि नेहमीच्या राउंडची महिनावार यादी अर्जाला जोडा.

थोडक्यात उत्तरं

गटार-पन्हळी, कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली), सोलर पॅनेल, प्रेशर वॉशिंग: साफसफाईची ही सगळी कामं २० टक्क्यांची आणि सगळी मर्यादेत धरायची. सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणारे) असाल तर नोंदणी तुमची असते, म्हणून तुमच्याच नावचा दुसरा करपात्र धंदाही याच बेरजेत येतो.

नोकरीचा पगार, राहण्यासाठी दिलेल्या घराचं येणारं भाडं, गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली टिप आणि जुनी व्हॅन विकून आलेले पैसे बेरजेत धरत नाहीत.

सबकॉन्ट्रॅक्टरला दिलेले पैसे वजा करून उलाढाल दाखवता येत नाही. गिऱ्हाईक तुमचं असेल तर पूर्ण रक्कम तुमची.

व्हॅट नोंदणी असलेल्या माणसाकडून त्याचा चालू राउंड विकत घेतलात, तर त्या राउंडची मागच्या वर्षाची उलाढालही तुमच्या मर्यादेत मोजली जाऊ शकते. सौद्याआधी विक्रेत्याकडून महिनावार आकडे लेखी घ्या.

नोंदणी रद्द करायची असेल तर पुढच्या वर्षाची उलाढाल ८८,००० च्या खाली राहणार हे दाखवावं लागतं. त्या दिवशी तुमच्याकडे असलेल्या, आधी व्हॅट परत घेतलेल्या वस्तूंवरचा व्हॅट १,००० पौंडांहून जास्त होत असेल, तर तो शेवटच्या रिटर्नमध्ये परत भरावा लागतो. नवी व्हॅन घेतल्यावर लगेच बाहेर पडणाऱ्यांना हे बिल हमखास येतं.